शर्यत गाड्यांची, परीक्षा झाकणांची

१६ नोव्हेंबर २०२३ची रात्र. लास व्हेगासच्या झगमगत्या कॅसिनोंसमोर फॉर्म्युला वनचा पहिला सराव सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. कार्लोस साइन्झची फेरारी सुसाट निघाली होती आणि खालून दणका बसला. रस्त्यातल्या पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उखडून गाडीच्या तळावर आदळलं होतं. सराव तिथेच गुंडाळला. दुसरा सराव पहाटे अडीचला झाला, तोही प्रेक्षकांना घरी पाठवून. गाडीची बॅटरी बदलावी लागली म्हणून साइन्झलाच शर्यतीत दहा स्थानं मागून सुरुवात करण्याची शिक्षा!

झाकण उखडतं कसं? या गाड्यांचा तळ असा घडवलेला असतो की खालून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटून धावते. तीच ओढ झाकणालाही बसते. झाकण बनवलेलं असतं ट्रकचा भार पेलायला. त्याला वर खेचणारं रोज कोणी भेटत नाही. म्हणून शहरातल्या रस्त्यांवरच्या शर्यतीआधी एकेक झाकण शोधून वेल्डिंगने जखडतात. व्हेगासमध्ये तर भोवतीचं काँक्रीटच निखळलं. २०१९ साली बाकूत जॉर्ज रसेलच्या विल्यम्स गाडीचा तळही अशाच झाकणाने फोडला. वर ती गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकची क्रेन पुलाला धडकली आणि तिचं तेल गाडीवर सांडलं. म्हणजे बंद पडलेली गाडी कुठून न्यायची, वाटेतल्या पुलाची उंची किती, हेही आखणीतच येतं.

नकाशावर वळणं काढणं त्यामानाने सोपं. मोनॅकोत ३.३ किलोमीटरच्या वाटेवर कठडे आणि स्टँड उभारायला दीड महिना आधी सुरुवात होते. बाकूत जुन्या शहराजवळच्या दगडी फरसबंदीवर डांबराचा थर चढवतात आणि शर्यतीनंतर तो काढून टाकतात. सिंगापूरने २००८ साली फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत भरवली, तेव्हा सगळी वाट दिव्यांनी उजळावी लागली. आणि हे सगळं उभं राहत असताना त्याच रस्त्याने लोकांना कामावर जायचं असतं.

आपल्या शेजारी हैदराबादेत फेब्रुवारी २०२३मध्ये हुसेनसागरच्या काठाने विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. सरकार बदललं आणि २०२४ची शर्यत रद्द झाली.

आपल्या गावातही असं सर्किट व्हावं, असं वाटत असेल तर आधी घरासमोरच्या झाकणाकडे बघा. स्कूटर गेली तरी ते खडखडत असेल, तर अजून वेळ आहे.