युरियाचं एक पोतं जास्त टाकलं, तर फवारणी का वाढते?

जळकोट : जुलैमध्ये झड लागते, रानात पाणी साचतं आणि सोयाबीन पिवळं पडू लागतं. शेजारच्याचं पीक हिरवं दिसलं की पहिला विचार युरियाचा. ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना. पोटॅशला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. त्यामुळे पोटॅश राहून जातं आणि युरिया पडतो. पीक काळंभोर, लुसलुशीत होतं. पुढे पानाखाली मावा आणि पांढरी माशी दिसू लागली, की दोष हवामानाला.

पण खताचा किडीशी संबंध काय?

मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी. पिकाच्या रसात साखर भरपूर, नत्र मात्र तुटपुंजा. किडीची वाढ आणि पिल्लं अडतात ती या नत्रावर. गरजेपेक्षा जास्त युरिया दिला, की पिकाला त्या सगळ्या नत्राची प्रथिनं बनवता येत नाहीत. अर्धवट तयार झालेली अमिनो आम्लं रसात तशीच फिरत राहतात. किडीसाठी ते आयतं खाद्य. मावा तर नराशिवाय थेट पिल्लं देतो, आठ-दहा दिवसांत पुढची पिढी तयार. प्रथिनं बनवण्याच्या कामात पालाशही लागतं. म्हणजे जास्त नत्र आणि कमी पालाश हा मेळ सर्वांत वाईट, आणि आपल्याकडे नेमका तोच होतो.

शिवाय जास्त नत्राने पान मऊ होतं, फांद्या दाटतात, आत दमटपणा राहतो आणि औषध खालच्या पानापर्यंत पोहोचत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जणांचा जीव गेला. तिथल्या दुर्घटनेला कारणं अनेक होती, पण त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली होती आणि औषध अंगावर येत होतं, हे विसरता येत नाही.

पिवळेपणाचं आणखी एक. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं, की सोयाबीनला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. तिथे युरिया टाकणं म्हणजे ताप एकाला, गोळी दुसऱ्याला. वाफसा आल्यावर लोहयुक्त सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी हा त्यावरचा उपाय. पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील, तर तो पिवळा मोझॅक असू शकतो. तो पसरवते पांढरी माशीच.

मग सोयाबीनला खत किती? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश आणि २० किलो गंधक. एकरी हिशेब साधारण असा : सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती, युरिया २६ किलो, पोटॅश २० किलो. सुपर फॉस्फेटमधून गंधकही भागतं. हे सगळं पेरणीबरोबर. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः घेतात. वरून युरिया फेकला की त्या गाठींचं काम मंदावतं.

सगळ्याच किडी खतावर चालत नाहीत. खोडमाशी, चक्रीभुंगा यांच्यात पेरणीची वेळ आणि रोपांची दाटी यांचाही वाटा मोठा. शेणखत टाकलं म्हणजे सुटलो, असंही नाही. उकिरड्यावरचं कच्चं शेणखत रानात नेलं, की हुमणी आणि वाळवी सोबत जाते. ते पूर्ण कुजलेलंच हवं.

कपाशीत युरियाचा हप्ता देण्याआधी पान उलटून बघा. पानामागे दोन-तीन तुडतुडे किंवा दहा मावा दिसत असतील, तर तो हप्ता आठवडाभर थांबला तरी चालतो.