सुई एका मिनिटाची, भीती अठ्ठावीस दिवसांची

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत राहणाऱ्या ताईंची ही गोष्ट. वय 42. नवरा ऑटो चालवतो, दोन मुलं शिकतात. स्तनात गाठ सापडली, ऑपरेशन झालं, किमो झाली, शेक देऊन झाले. डोक्यावर पुन्हा केस आले. शेजारणी म्हणाल्या, "सुटली बापा एकदाची." आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं, आता रोज एक गोळी आणि दर 28 दिवसांनी पोटात एक इंजेक्शन. तेही काही वर्षं.

ताईंनी दोन इंजेक्शनं घेतली. तिसऱ्याची तारीख दसऱ्याच्या आसपास आली. दीक्षाभूमीला येणारे पाहुणे घरी उतरले होते. ताईंनी घरी सांगून टाकलं, "दवाखान्यानं तारीख पुढं ढकलली." दवाखान्यानं काही ढकललं नव्हतं. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्या आमच्याजवळ बसल्या आणि खरं काय ते बोलल्या. "किमोच्या वेळी मी रडली नाही. पण ह्या सुईची तारीख जवळ आली का मले रातभर झोप नाही येत. छातीत धडधड होते. घरी सांगू तर म्हणतील, आता तर बरी झाली, आता काऊन भेते?"

अशा ताई प्रत्येक वस्तीत आहेत. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान त्यांच्यासाठी.

भीती आत्ताच का येते?

उपचार जोरात चालू असतात तेव्हा घर, नातेवाईक, डॉक्टर सगळे भोवती असतात. आजची किमो पार पाडायची, एवढंच डोक्यात असतं. ते संपलं की माणसं आपापल्या कामाला लागतात आणि बाई एकटी पडते. मग दर महिन्याची तारीख आठवण करून देते, तुला कॅन्सर झाला होता. भीती असते ती सुईची कमी आणि त्या आठवणीची जास्त. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. किमोला न घाबरलेली बाई या सुईला घाबरू शकते.

हे इंजेक्शन करतं काय?

जे समजत नाही त्याची भीती मोठी होते, म्हणून आधी समजून घेऊ. काही स्तनांच्या गाठी इस्ट्रोजेन नावाच्या हार्मोनवर वाढतात. तुमच्या तपासणीच्या कागदावर 'ईआर पॉझिटिव्ह' किंवा 'पीआर पॉझिटिव्ह' लिहिलं असेल, तर तुमची गाठ त्या प्रकारची होती. इस्ट्रोजेन म्हणजे पाणी समजा. पाळी चालू असलेल्या बाईच्या शरीरात या पाण्याचा मोठा नळ म्हणजे अंडाशय. गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइड ही इंजेक्शनं तो नळ बंद ठेवतात. टॅमॉक्सिफेनची गोळी दुसरं काम करते, ती गाठीच्या पेशींच्या तोंडावर झाकण बसवते. म्हणून अनेकींना दोन्ही लागतात.

गोसेरेलिनच्या महिन्याच्या डोसमध्ये 3.6 मिलिग्रॅम औषध असतं. तांदळाच्या दाण्याएवढी एक कांडी बेंबीच्या खाली कातडीच्या आत ठेवतात. ती 28 दिवस हळूहळू विरघळते, काढावी लागत नाही. त्यासाठी सुई नेहमीपेक्षा जाड असते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

काही बायकांना, बहुतेक पाळी गेलेल्यांना आणि आजार पसरला असल्यास, फुलवेस्ट्रंट देतात. त्याची दोन इंजेक्शनं असतात, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. औषध तेलासारखं घट्ट असल्यानं प्रत्येक सुईला एक ते दोन मिनिटं लागतात. पहिले तीन डोस दोन-दोन आठवड्यांनी, नंतर महिन्याला एक.

वस्तीत ऐकू येणाऱ्या गोष्टी

"हार्मोनचं इंजेक्शन म्हणजे म्हशीला पान्हा सोडायला देतात तेच." नाही. ते औषध वेगळं, काम वेगळं.

"सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचं अंतरा देतात, तेच असेल." अजिबात नाही. अंतरा हे गर्भनिरोधक आहे, त्यातून शरीरात हार्मोन जातं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईनं ते घ्यायचं नसतं. गर्भनिरोधक गोळ्याही नाहीत.

"बरी झाली तर सुई कशाला? म्हणजे परत आला असेल." ऑपरेशननंतरची ही सुई आजार परत येऊ नये म्हणून असते.

"मागच्या जन्माचं पाप", "कोणी करणी केली." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अशा बोलण्याला जागा नाही. कॅन्सर पेशींचा आजार आहे. तो शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं लागत नाही.

वाफ कोणती, भीती कोणती?

नळ बंद झाला की शरीराला ते जाणवतं. पाळी थांबते. अंगातून एकदम गरम वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप मोडते. सांधे दुखतात, चिडचिड होते, योनीमार्ग कोरडा पडतो.

आमच्या ताईंना रात्री दोन वाजता घाम फुटून जाग यायची आणि वाटायचं, आता आपलं काही खरं नाही. खरं तर ती औषधाची वाफ होती, काही मिनिटांत जाणारी. पण वाफेला भीती समजलं की खरी भीती येते, आणि भीतीनं वाफ आणखी वाढते. तेव्हा स्वतःला सांगायचं, "ही वाफ आहे, जाईल." मात्र छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर वाफ समजून बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

सुती कपडे, उशाशी पंखा आणि पाणी, चहा-तिखट कमी, रोज अर्धा तास चालणं, याचा उपयोग होतो. हाडं विरळ होऊ शकतात, म्हणून नाचणी, दूध, कोवळं ऊन, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारणं. वाफांसाठी वैदूची पुडी किंवा दुकानातलं टॉनिक मनानं घेऊ नका.

दोन बाण

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे, तो संयुत्त निकायात आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना होतेच. पण तो त्या वेदनेवर मनानं हळहळतो, तळमळतो, तेव्हा त्याला दुसरा बाण लागतो. धम्म समजलेल्यालाही पहिला बाण दुखतो, दुसरा मात्र तो लागू देत नाही. सुई हा पहिला बाण, एका मिनिटाचा. आधीच्या सात रात्री जागून काढणं हा दुसरा.

दुसरा बाण टाळायचा तो उपदेशानं नाही, सवयीनं. विहारात शिकवतात ती आनापानसती इथं कामी येते. रोज दहा मिनिटं बसायचं, श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच पाहायचं. तारखेच्या दिवशी एकदम शिकायला जाऊ नका, आजपासून सुरू करा.

बाबासाहेबांना मधुमेह होता. घटनेच्या मसुद्याचं प्रचंड काम चालू असताना त्यांची तब्येत ढासळली होती आणि त्यांना इन्सुलिन घ्यावं लागत होतं. औषध घेणं हा कमकुवतपणा नाही. आपलं काम पुरं व्हावं म्हणून माणूस औषध घेतो.

तारखेच्या दिवशी

उपाशी जाऊ नका. सोबत कोणीतरी न्या. नर्सताईंना आधीच सांगा, "मला सुईची भीती वाटते", "मला चक्कर येते." झोपून सुई घ्या. ज्यांना भोवळ येते त्यांनी मांड्या आणि पोटऱ्या काही सेकंद आवळून धरायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. जागा बधिर करायचं मलम मिळतं, ते चालेल का ते विचारा. सुईकडे पाहू नका, श्वास हळू सोडत राहा. कुल्ल्यात सुई असेल तर त्या बाजूच्या पायावर भार देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईआधी सांगायलाच हवं.

घरी आल्यावर पुढची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. तारखेला लग्न किंवा दीक्षाभूमीचा कार्यक्रम आला, तर आधीच दवाखान्यात विचारा. मनानं चुकवू नका. डोस चुकला तर अंडाशय पुन्हा काम सुरू करू शकतं आणि दिवसही राहू शकतात. या औषधांनी गर्भाला अपाय होतो, म्हणून कंडोम किंवा तांबी वापरा.

लगेच दवाखान्यात

सुईनंतर पोट फुगलं, खूप दुखलं, चक्कर आली. कुल्ल्यातल्या सुईनंतर पाय बधिर झाला. एक पाय सुजला. अंगावरून अवेळी रक्त गेलं, तर थांबू नका.

आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, मरणाचे विचार येतात, तर तोही आजार आहे, त्यावर उपचार आहेत. 14416 या टेली-मानस क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. मनाची गोळी कोणी लिहून दिली तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे सांगा, काही गोळ्या तिचा परिणाम कमी करतात.

खर्चाचीही भीती असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. तुमचं इंजेक्शन त्यात बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा 155388 वर फोन करा. पैशासाठी सुई चुकवण्याआधी एवढं करा.

घरच्यांना आणि महिला मंडळाला

"आता काऊन भेते?" असं म्हणू नका. "तारीख कधी आहे? मी येतो," असं म्हणा. विनयपिटकात प्रसंग आहे: एक भिक्खू अतिसारानं घाणीत पडलेला, कोणी पाहत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून पलंगावर निजवलं. आजाऱ्याजवळ बसणं हा धम्म आहे. विहारात कार्यक्रमांच्या तारखा लिहितो, तिथंच वहीत अशा तायांच्या तारखाही त्यांच्या परवानगीनं लिहाव्या, आणि पाळीपाळीनं एकीनं सोबत जावं.

आमच्या ताई पुढच्या सोमवारी दवाखान्यात गेल्या. शेजारची एक सोबत होती. ताईंनी खरं सांगितलं, "मीच नाही आली, भेव वाटलं." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तपासलं आणि सुई पुन्हा सुरू केली. भेव पूर्ण गेलं का, असं विचारलं तर ताई म्हणतात, "नाही गेलं. पण आता मी त्याले सोबत घेऊन जाते. घरी नाही बसत."

जयभीम. नमो बुद्धाय.