नोंद आपली जागा आपणच दुसरीस देऊं शकते काय?

जावास्क्रिप्ट ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं रचिली. तींत माहिती व तिजवर करावयाचीं कामें एकत्र बांधिलीं म्हणजे ऑब्जेक्ट होतें. त्याच्या प्रत्येक कामास मेथड म्हणतात. मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते, त्याचा निर्देश ‘धिस’ या शब्दानें होतो.

आतां समजा, एका विद्यार्थ्याच्या गुणांची नोंद हें असें ऑब्जेक्ट आहे. फेरतपासणींत गुण वाढले. तेव्हां नोंदीच्याच मेथडनें तिच्या जागीं नवी नोंद आणावी, या हेतूनें नवशिका ‘धिस’ यासच नवी नोंद देऊं पाहतो. परंतु भाषा हें वाक्य मुळींच स्वीकारीत नाहीं. प्रोग्रॅम चालूं लागण्यापूर्वींच तें अशुद्ध ठरतें.

असें कां व्हावें? नोंदीस दिलेलें नांव म्हणजे स्वतः नोंद नव्हे. तो तिचा केवळ पत्ता होय. वर्गाच्या यादींत एक पत्ता, निकालपत्रकांत दुसरा, असे एकाच नोंदीचे अनेक पत्ते असतात. ते कोठें व किती आहेत, हें मेथडला ठाऊक नसतें. स्मॉलटॉक भाषेंत असे सर्व पत्ते एकदम फिरविणारी ‘बिकम’ नामक मेथड आहे. जावास्क्रिप्टमध्यें तशी सोय नाहीं.

तरी मार्ग तीन आहेत. पहिला, मेथडनें नवी नोंद परत द्यावी व बोलावणाऱ्यानें ती आपल्या पत्त्यावर ठेवावी. मात्र यादी सुधारली आणि निकालपत्रक तसेंच राहिलें, तर उत्तीर्ण झालेला मुलगा पत्रकांत नापासच दिसेल, आणि संगणक याविषयीं चकार शब्दहि काढणार नाहीं! दुसरा, नोंद तीच ठेवून आंतील गुण तेवढे बदलावे. १९९५ नंतर वीस वर्षांनीं, २०१५ सालीं, भाषेंत आलेलें ‘ऑब्जेक्ट.असाइन’ हें काम एका वाक्यांत करितें. पण नव्या नोंदींत नसलेला जुना मजकूर तें पुसून टाकीत नाहीं, हें ध्यानांत असावें. तिसरा, सर्वांनीं एका धारक ऑब्जेक्टचाच पत्ता बाळगावा व खरी नोंद त्याच्या पोटांत असावी. ती बदलतांच सर्वांस नवीच दिसते.

यांतील कोणताहि मार्ग धरण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: या नोंदीचा पत्ता आणखी कोणाकोणापाशीं आहे? त्याच्या उत्तरावरच कोणाचा तरी खरा निकाल अवलंबून असतो.