मंठ्याहून लोणारला सायकलवर

सायकल म्हणजे शाळा, दूध नि बाजार, एवढेच आपण धरून चालतो. सुगी आटोपली की घरच्या पोरांनी एकदा तिच्यावर लोणार गाठावे. मंठ्याहून तळणी, पुढे पूर्णा ओलांडून लोणार. एका अंगाने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. नदीपर्यंत काळी राने, पलीकडे चढ. दम लागला तर खाली उतरून सायकल हाती धरावी, त्यात कमीपणा नाही.

लोणारचे विवर उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडले. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, तळाशी खारे पाणी. २०२० साली ते रामसर पाणथळ ठरले. सायकल वर ठेवून विवरात पायीच उतरावे.

हा शेगाव-पंढरपूर रस्ता. चढापेक्षा धोका मागून येणाऱ्या ट्रकचा. म्हणून डाव्या कडेने, एकामागे एक चालावे. मागच्या मडगार्डला लाल काच हवीच. ब्रेक आदल्या दिवशी तपासावेत, पंपही सोबत घ्यावा. उजाडल्यावर निघावे, अंधार पडणार असेल तर लोणारलाच मुक्काम करावा.

आणि आयाबायांनो, ही वाट फक्त पोरांसाठी राखू नका. शाळेपर्यंत सायकल मारणाऱ्या लेकीलाही भावंडांसोबत पाठवा. पूर्णेपलीकडचा मुलूख तिनेही पाहावा.