म्हाताऱ्या पावसाआडचा भडका

अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, घाटघर-रतनवाडीकडे, जुलैअखेर भाताची आवणी चाललेली असते आणि पावसाला उघडीप नसते. सूर्य तेव्हा पुष्य नक्षत्रात असतो. त्याआधीच्या पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, हा हिशेब इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ. ३१ जुलै २०१९ रोजी याच पुष्याच्या दिशेने, सुमारे ३५० कोटी प्रकाशवर्षांवरून निघालेला एक भडका पृथ्वीपाशी पोचायचा होता. त्या दिवशी आभाळ निरभ्र असतं तरी तो कळसूबाईच्या माथ्यावरून दिसला नसता, कारण त्याच्या वाटेतच सूर्य होता.

या भडक्याचा उगम ‘ओजे २८७’ नावाच्या दीर्घिकेच्या केंद्रात आहे. कर्क राशीत मधुचक्र हा तारकागुच्छ दिसतो, त्याच्या पूर्वेला तीन-साडेतीन अंशांवर ती आहे. अकोल्याचा अक्षांश साडेएकोणीस अंश, तर हिची क्रांती वीस अंश. त्यामुळे मार्चमधल्या रात्री ती तालुक्याच्या जवळपास डोक्यावरून जाते. नुसत्या डोळ्यांना मात्र दिसत नाही.

जुन्या छायाचित्र-काचांवर तिच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतात. त्या जुळवल्यावर लक्षात आलं, की साधारण दर बारा वर्षांनी ती दोनदा उजळते. फिनलंडचे माउरी वाल्टोनेन आणि सहकाऱ्यांनी त्यावरून एक चित्र मांडलं. केंद्रात १८०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर, भोवती तप्त वायूची तबकडी आणि १५ कोटी सूर्यांइतकं दुसरं कृष्णविवर तिला एका फेरीत दोनदा भोसकून जातं. प्रत्येक धडकेत तापलेल्या वायूचा फुगा बाहेर पडतो, फुगत विरळ होतो आणि आत कोंडलेला प्रकाश एकदम मोकळा होतो. तेव्हाचं तेज एक लाख कोटी ताऱ्यांहून जास्त भरतं.

अडचण वेळापत्रकाची होती. धाकट्याची कक्षा स्वतःच फिरत राहते. बुधाची कक्षा सापेक्षतेमुळे शतकात ४३ विकला सरकते. इथे एकेका फेरीत सरक सुमारे ३८ अंश! त्यामुळे भडके समान अंतराने येत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ए. गोपाकुमार आणि तेव्हा पीएच.डी. करणारे लंकेश्वर डे यांनी वाल्टोनेन यांच्यासह हे गणित बारकाईने मांडलं आणि ३१ जुलै ही तारीख काढली. स्पिट्झर ही अवरक्त दुर्बीण तेव्हा पृथ्वीपासून सुमारे २५ कोटी किलोमीटर दूर होती. तिच्या जागेवरून सूर्य आड येत नव्हता. भाकितापासून चार तासांच्या आत तिने भडका टिपला.

पण उजेड वाढला म्हणजे धडकच झाली, असं म्हणता येत नाही. या दीर्घिकेतून जवळपास प्रकाशवेगाने निघणारा कणांचा झोतही अधूनमधून भडकतो. हा भडका कुणाचा, हे एकट्या दृश्य प्रकाशावरून ओळखणं कठीण. साक्षी अनेक लागतात. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत प्रारण सोडतात. त्या प्रकाशाचं ध्रुवीकरण जास्त असतं आणि क्ष-किरणही बरोबरीने वाढू शकतात. धडकेचा भडका निव्वळ तापलेल्या वायूचा, म्हणून त्यात ध्रुवीकरण उतरतं आणि क्ष-किरण सुरुवातीला फारसे हलत नाहीत.

अतिनील आणि क्ष-किरण हवेत अडकतात, म्हणून तिथे उपग्रह लागतात. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटनेही ओजे २८७ पाहिली आहे. त्याची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण टाटा संस्थेतच घडली. रेडिओ लहरींना ढगांची अडचण नाही. अकोल्याच्या दक्षिणेला, सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर, खोडदची जीएमआरटी आहे: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. पण एवढ्या लांब लहरींना झोताचा मुळाजवळचा भाग अपारदर्शक असतो. त्यामुळे तिथला भडका या लहरींत उशिरा आणि बोथट होऊन उमटतो.

या साक्षी-पुराव्यांवरच आता वाद उभा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपेक्षित असलेला भडका आलाच नाही. बॉनच्या मॅक्स प्लँक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या स्टेफानी कोमोसा यांच्या गटाने रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंतच्या निरीक्षणांवरून मोठ्या कृष्णविवराचं वस्तुमान फक्त दहा कोटी सूर्यांच्या आसपास असावं, असा निष्कर्ष काढला. वाल्टोनेन यांच्या गटाचं म्हणणं वेगळं: सुधारित हिशेबाने तो भडका जुलै-ऑगस्टमध्येच येऊन गेला. म्हणजे पुन्हा सूर्याआड, आणि या खेपेला स्पिट्झर नव्हती; ३० जानेवारी २०२० रोजीच ती बंद झाली होती.

१८०० कोटी आणि दहा कोटी यांतला फरक एखाद्या झगझगीत क्षणाने मिटणार नाही. त्यासाठी सगळ्या तरंगलांबींतली अखंड नोंदवही हवी, आणि सूर्य आड येतो त्या आठवड्यांसाठी पृथ्वीपासून दूर असलेली एखादी दुर्बीण हवी.