पाचट जाळू नका, हवा राखा



मुंबईत मरोळशेजारी चकाल्याला हवेतले बारीक कण मोजणारे यंत्र आहे. अडीच मायक्रॉनहून लहान असे हे कण फुफ्फुसात खोल शिरतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार त्यांची २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी.

आपल्या शिवारात असे यंत्र नाही. पण पाचट पेटवले की तेच कण आपल्या पोराबाळांच्या छातीत जातात. म्हणून काडी ओढू नका. खोडव्यात पाचट सरीत पसरून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. रानाला खत होते, ओल टिकते.

कोणत्या दिवशी किती फड पेटले, ते मुलांनी शाळेच्या फळ्यावर लिहावे. यंत्र नसले तरी गावाला आपली हवा कळेल.

— ऊस विकास अधिकारी