काटा शून्यावर, गाडी पन्नासवर

मोशी मागे टाकून इंद्रायणीच्या पुलावर आलो आणि स्पीडोमीटरचा काटा ५० वरून धपकन शून्यावर बसला. गाडी नेहमीसारखीच धावत होती. चिंबळी फाट्याला काटा उठला, कुरुळीजवळ परत पडला. चाकणच्या तळेगाव चौकात ट्रकांच्या रांगेत ब्रेक दाबून थांबतोय तोच इंजिन बंद पडलं. मागे कंटेनर. पोटात गोळाच आला.

काटा पडला तरी गाडी चालते, म्हणून आपण चालढकल करतो. पण वेगाची खबर एकट्या काट्याला लागत नाही. गाडी थांबत आलीय हे इंजिनच्या ईसीयूला कळलं नाही, तर आयडलिंगचं गणित चुकतं. अनेक गाड्यांत स्टिअरिंग किती हलकं ठेवायचं, दारं कधी लॉक करायची, हेही याच खबरीवर ठरतं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली ८० ची बीपही त्यातलीच.

पूर्वी गिअरबॉक्समधून निघालेली केबल काटा फिरवायची. मग तिथे सेन्सर आला. आत फिरणाऱ्या चक्राचा एकेक दाता समोरून गेला की सिग्नल वर-खाली होतो आणि ईसीयू ते ठोके मोजतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा सेन्सर नसतोच, एबीएससाठी चाकांवर बसवलेल्या सेन्सरवरून वेग काढतात. तिथे बिघाड झाला तर बहुधा एबीएसचा दिवाही लागतो.

माझ्या गाडीत गिअरबॉक्सवरचाच होता. पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला, पी०५०० कोड आला आणि लगेच सेन्सर बदलला. चार दिवसांनी जोराचा पाऊस झाला नि काटा पुन्हा शून्यावर.

मग भोसरीतल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. आधी ते चाकणच्या एका कंपनीत वायरिंग हार्नेसच्या लाइनवर होते. म्हणाले, “दादा, कोडने सर्किटचं नाव घेतलंय, सेन्सरचं नाही.”

त्यांनी कोड पुसला नाही, आधी वहीत उतरवून घेतला. कोड पडला त्या क्षणीचे आकडे ईसीयूमध्ये साठलेले असतात, पुसलं की तेही जातात. मग मला शेजारी बसवून आळंदी रस्त्याला एक फेरी मारली. काटा पडला तेव्हा स्कॅनरवरचा वेगही शून्य झाला. स्कॅनरवर वेग नीट दिसला असता, तर दोष मीटरकडे निघाला असता. दोन्ही एकदम पडले, म्हणजे गडबड सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, पुढचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. गिअर न्यूट्रल, चावी ऑन. सेन्सरला तीन वायरी: सप्लाय, अर्थ, सिग्नल. कप्लर न काढता मागून मल्टिमीटरची पिन सिग्नलच्या वायरीला टेकवली आणि पोऱ्याला चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. ०, ५, ०, ५. आकडे ठेक्यात पडत होते. सेन्सर ठणठणीत!

मला वाटलं, झालं. त्यांनी मात्र चाक फिरतं ठेवून वायरींचा जुडगा बोटांनी हळूच हलवला. आकडा ५ वर गोठला. चाक फिरतंय, आकडा हलत नाही. “अर्थ सुटतोय,” ते म्हणाले. कप्लर उघडला तर आतलं रबरी सील गायब, अर्थच्या पिनेवर हिरवट थर आणि मागची वायर दोन तारांवर लोंबकळत होती. पावसाचं पाणी तिथूनच शिरत होतं.

पिन नवी टाकली, सील बसवलं, वायर खड्ड्यांच्या हादऱ्याने पुन्हा ताणू नये म्हणून क्लिपने बांधली. मग त्यांनी माझा काढून टाकलेला जुना सेन्सर मागितला. सुदैवाने तो डिकीत पडला होता. तो लावून चाक फिरवलं.

०, ५, ०, ५.